भोनचा स्तूप : विटा, पाणी आणि अप्रमाद



मोताळ्यात बोलायला उभं राहिलं की आमची एक सोय होते. ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ म्हणजे काय, हे इथे समजावून सांगावं लागत नाही. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की हवा बदलते, माती बदलते, बोलीसुद्धा थोडी बदलते. आजचा विषय घाटाखालचाच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या, संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीकाठी असलेल्या भोन या गावचा आहे. तिथे विटांचा एक प्राचीन बौद्ध स्तूप आहे आणि जिगाव धरणाचं पाणी भरलं की ती जागा बुडिताखाली जाणार आहे.

गेल्या व्याख्यानात आपण ‘अनित्य’ या कल्पनेवर बोललो होतो. नंतर चहा घेताना कुणीतरी म्हणालं, सर, इतकं अनित्य-अनित्य केलंत, तर एकदा भोनला जाऊन येऊ. ठरलं आणि आम्ही सहा जण निघालो. आमचे दोन जुने विद्यार्थी, दोन शाळामास्तर, बी.ए.ला असलेली एक मुलगी आणि आम्ही.

मोताळ्याहून सकाळी सातला निघालो. नांदुऱ्याला हायवे लागतो. तिथला 105 फुटी हनुमान लांबूनच दिसायला लागतो. पुढे शेगाव. शेगावात गाडी थांबणार, कचोरी खाल्ली जाणार, यावर कुणाचं मत विचारायची गरज पडत नाही. मग पूर्णेवरचा पूल ओलांडला की आपण सातपुड्याच्या बाजूला येतो. उत्तरेला सातपुडा निळसर दिसत असतो, दक्षिणेला आपली अजिंठ्याची रांग, आणि मधे हे सपाट, काळ्या मातीचं खोरं. तुरीला शेंगा धरल्या होत्या, कापसाची वेचणी चालू होती.

भोनला पोचलो. आता सांचीचे फोटो पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात स्तूप म्हटल्यावर एक चित्र असतं : दगडी घुमट, तोरणं, वर छत्र. आम्हीही, वय सत्तरीच्या पुढे गेलेलं असूनसुद्धा, तेच चित्र घेऊन शोधत होतो. आम्हाला दिसलं ते नदीकडे उतरणारं एक टेकाड, बाभळी, गवत आणि सगळीकडे पसरलेली खापरं. अर्धा तास फिरलो. शेवटी बैल घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, “बाबा, इथे स्तूप कुठे आहे?” ते थांबले, आमच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, “कायले शोधता सर, तुमी त्याच्यावरच उभे हा ना.”

आम्ही पटकन बाजूला झालो. चाळीस वर्षं वर्गात बौद्ध दर्शन शिकवलं आणि स्तूपावर पाय देऊन स्तूप शोधत होतो! पण दोष एकट्या आमचा नव्हता. उत्खनन झाल्यावर उघडे पडलेले अवशेष ऊन-पावसाने खराब होऊ नयेत म्हणून पुन्हा मातीने झाकून ठेवतात. जे सापडलं ते असं परत मातीच्या स्वाधीन असतं. त्यामुळे इथे पाहायला जाण्याआधी काय पाहायचं हे माहीत असावं लागतं. तेवढंच आज आधी सांगतो.

आपल्याकडे गावाची जुनी मांडणी दोन शब्दांत सांगतात : काळी आणि पांढरी. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की चुलीची राख, मातीच्या भिंती, शेण, हाडं, खापरं यांचा थर साचतो आणि तिथली माती पांढुरकी होते. पुरातत्त्व शिकलेला माणूस खोऱ्यात फिरताना या पांढरीच शोधत असतो. भोनची पांढर अशीच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली 2003 च्या सुमारास आणि पुढली काही वर्षं इथे उत्खनन केलं. त्यात मौर्य आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी मिळाल्या, कालव्याचा मागही लागला, आणि विटांनी बांधलेला स्तूप मिळाला. त्याचा काळ साधारण इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापर्यंत मागे नेला जातो. म्हणजे सम्राट अशोकाचा काळ.

याचं महत्त्व किती, ते सांचीशी ताडून पाहिलं की कळतं. आज आपण सांचीला जो भव्य दगडी स्तूप पाहतो तो मूळचा तसा नाही. आत अशोकाच्या काळातला विटांचा लहान स्तूप आहे. पुढच्या शतकात त्यावर दगडाचं आवरण चढवलं, आकार मोठा केला, आणि तोरणं तर त्याच्याही नंतरची. म्हणजे सांचीत जे पोटात दडलेलं आहे, त्या पहिल्या विटांच्या पायरीचं बांधकाम भोनला थेट हाताशी आहे. पण तोरण नाही, शिल्प नाही, म्हणून ते डोळ्यात भरत नाही.

आता स्तूप म्हणजे काय? पाली भाषेत ‘थूप’. मूळ अर्थ ढीग, रास. थोर माणसाच्या अस्थींवर मातीची रास करण्याची चाल बुद्धाच्याही आधीची. महापरिनिब्बान सुत्तात असं येतं की बुद्धाने आनंदाला सांगितलं, चार रस्ते मिळतात तिथे स्तूप उभारावा. देवळासारखा गाभारा नाही, बंद दार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेवर, चव्हाट्यावर. हेतू इतकाच की तो पाहून माणसाचं मन निवावं. त्याच सुत्तात पुढे अस्थींची वाटणी आहे. सात-आठ ठिकाणचे लोक भांडायला उठलेले असताना द्रोण नावाच्या ब्राह्मणाने आठ समान वाटे केले. आठ स्तूप अस्थींवर, एक वाटणीच्या भांड्यावर आणि एक चितेच्या निखाऱ्यांवर, असे दहा स्तूप झाले. अशोकाने पुढे ते उघडून अस्थी देशभर वाटल्या आणि चौऱ्याऐंशी हजार स्तूप बांधले असं परंपरा सांगते. आकडा परंपरेचा आहे, शब्दशः धरू नका. पण त्या काळात स्तूप दूरदूर पसरले, हे खरं.

त्याची रचनाही साधी. खाली गोल जोतं, ती मेधी. त्यावर अर्धगोल भाग, त्याला अंड म्हणतात. अंडावर चौकोनी कठडा, ती हर्मिका, आणि त्यावर छत्र. भोवती फिरायला प्रदक्षिणापथ, बाहेर वेदिका म्हणजे कुंपण. लक्षात घ्या, स्तूपाच्या आत जाता येत नाही, भोवती फिरता येतं. उजवा हात स्तूपाकडे ठेवून चालायचं. पूजा म्हणजे इथे चालणं आहे.

मग प्रश्न पडतो, पूर्णेच्या या कडेला स्तूप का? यासाठी नकाशा डोळ्यांपुढे आणा. सुत्तनिपातात बावरी नावाच्या गोदाकाठच्या आचार्याचे सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारायला उत्तरेला निघतात. त्यांची वाट दिली आहे : प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण, मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोसंबी आणि पुढे श्रावस्ती. पैठणहून माहिष्मतीला, म्हणजे नर्मदेवर, जायचं तर अजिंठ्याची रांग उतरावी लागते, तापीचं खोरं ओलांडावं लागतं, सातपुडा चढावा लागतो. ही झाली दक्षिणोत्तर वाट. पूर्णा नदी बैतूलकडे सातपुड्यात उगम पावून पश्चिमेला वाहते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. तिचं खोरं म्हणजे त्या मोठ्या वाटेला पूर्वेकडून येऊन मिळणारी आडवी वाट. विदर्भाचा माल, विदर्भाची माणसं या खोऱ्यातून ये-जा करणार, हे उघड आहे. व्यापारी, कारागीर आणि भिक्खू एकाच वाटेने चालत. पावसाळ्याचे महिने सोडले तर भिक्खूने फिरत राहायचं असतं.

मोताळ्याच्या पाठीमागचीच डोंगररांग पश्चिमेला गेली की अजिंठा येतो. तिथलं दहा नंबरचं लेणं सगळ्यांत जुन्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचं. आत स्तूप आहे, पण डोंगरात कोरलेला. त्या लेण्याच्या दर्शनी भागाचं दान वासिठीपुत कटहादि नावाच्या माणसाने दिल्याचा लेख आहे. पूर्वेला, भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर पवनी आहे. तिथे 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली सांचीच्या तोलाचा मोठा स्तूप निघाला. वेदिकेच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. एका स्तंभावर मुचलिंद नाग आहे. पावसा-वाऱ्यात ध्यानस्थ बुद्धावर फणा धरणारा तो मुचलिंद. तर पश्चिमेला अजिंठा, पूर्वेला पवनी आणि मधे भोन. एकट्या भोनला जाऊन टेकाड दिसतं. हे तीन बिंदू मनात ठेवून गेलं तर एक चालता-बोलता प्रदेश दिसतो.

आता पाण्याकडे येऊ. पूर्णेचं हे खोरं म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहीर खणा, बोअर घ्या, पाणी खारट. ते पिकाला चालत नाही, पिववत नाही. एके काळी या भागात विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढत असत, यावरून काय ते समजा. किडनीच्या आजारांची तक्रार या गावांतून सतत ऐकू येते. अशा ठिकाणी गोड पाणी ही चैनीची गोष्ट नाही. म्हणून जिगाव प्रकल्प. 1990 च्या दशकापासून रखडत चाललेला, पण हजारो शेतकऱ्यांनी आशेने वाट पाहिलेला. त्यासाठी अनेक गावांना आपली घरं सोडावी लागत आहेत. भोनचा स्तूपही त्याच पाण्याच्या वाटेत आहे.

धरण म्हणजे काय, हे मोताळ्याला नळगंगेमुळे चांगलं ठाऊक आहे. आणि एक योगायोग पाहा. गोसीखुर्दचं वैनगंगेचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर कालव्याने नळगंगेपर्यंत आणायचा वैनगंगा-नळगंगा प्रकल्प आखलेला आहे. गोसीखुर्द पवनीच्याच तालुक्यात. म्हणजे पवनीच्या स्तूपाजवळचं पाणी उद्या मोताळ्याला येणार. दोन हजार वर्षांपूर्वी या दोन खोऱ्यांमध्ये माणसं चालत होती, आता पाणी चालेल.

आम्ही त्या शेतकरीबाबांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? ते म्हणाले, “थूप बी पाह्यजे, पानी बी पाह्यजे. तुमी शिकेल लोकं हा, तुमीच सांगा मंग.” आम्ही काही सांगू शकलो नाही.

परतताना गाडीत ती बी.ए.वाली मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सर, रागावू नका. बुद्धच म्हणतात ना सगळं अनित्य आहे? मग स्तूप वाचवायचा कशाला? विटा आहेत, पाण्याखाली जातील. हे तर त्यांच्या शिकवणीला धरूनच झालं.”

आम्ही रागावलो नाही, पण उत्तरही दिलं नाही. हा प्रश्न वरवरचा नव्हता. नंतर आठ-दहा दिवस आम्ही तो घोळवला. आज उत्तर मांडतो, पटतं का पाहा.

पहिली गोष्ट. स्तूप म्हणजे नक्की काय, हे आधी विचारायला हवं. मिलिंदप्रश्न या ग्रंथात नागसेन भिक्खू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सगळे भाग ढीग करून ठेवले तर तो रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. भाग एकमेकांशी विशिष्ट रीतीने जोडले जातात तेव्हाच आपण रथ हे नाव वापरतो. हेच स्तूपाला लावा. एक वीट म्हणजे स्तूप नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरलेल्या सगळ्या विटा म्हणजेही स्तूप नाही. ती वीट कुठल्या मातीची, कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी, वस्तीपासून किती अंतरावर, नदीच्या कुठल्या वळणावर, या संबंधांनी तो स्तूप आहे. बौद्ध परिभाषेत याला प्रतीत्यसमुत्पाद म्हणायचं : एक गोष्ट दुसऱ्या गोष्टींच्या आधाराने असते. म्हणून ‘विटा उचलून दुसरीकडे मांडू, झालं काम’ हे उत्तर पुरेसं नाही. विटा जातील, संबंध तिथेच राहतील. आणि ते संबंध नोंदवल्याशिवाय पाणी आलं, तर जे बुडेल ते काय होतं हे पुढच्या पिढीला कळायचा मार्गच राहणार नाही.

दुसरी गोष्ट, अनित्याची. बुद्धाचा शेवटचा उपदेश आपण अर्धाच लक्षात ठेवतो. सगळे संस्कार नाशवंत आहेत, हे पहिलं अर्ध. त्याच श्वासात दुसरं अर्ध येतं, की अप्रमादाने आपलं काम पुरं करा. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणं, जागं असणं. ही दोन वाक्यं शेजारी का ठेवली? कारण दुसरं पहिल्यातून निघतं. जे कायमचं टिकणार असतं त्याची काळजी घ्यायची गरज नसते. काळजी नाशवंताचीच घ्यावी लागते. शरीर मरणार आहे म्हणून कुणी तापाचं औषध बंद करत नाही. उभं पीक चार महिन्यांत काढायचंच असतं, म्हणून राखण सोडून देत नाही. घरातलं म्हातारं माणूस जाणार आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणूनच त्याच्याजवळ बसतात. अनित्य ही वस्तुस्थिती आहे. तिला परवानगी समजणं हा प्रमाद.

नाहीसं होणं आणि हलगर्जीपणे नाहीसं करणं, यांत फरक आहे. नदीने काठ कापला आणि विटा वाहून गेल्या, ते अनित्य. आपल्याला माहीत असताना, वेळ हातात असताना, कुणी फाइल उघडली नाही म्हणून गेल्या, तर त्याला अनित्य म्हणू नये. ते आपल्या नावावर लिहिलं जाईल.

तिसरी गोष्ट, पाणी की स्तूप. हा झगडा लावून देणारे दोन्ही बाजूंना भेटतील. आम्हाला तो मान्य नाही. भोनचे ते जुने रहिवासी कोण होते? याच खाऱ्या पट्ट्यात राहून कड्यांच्या विहिरी बांधणारी, कालवा काढणारी माणसं. तहान त्यांनाही ठाऊक होती. त्यांच्या स्मारकाच्या नावाने आजच्या तहानलेल्या गावाला शत्रू ठरवलं तर ते त्यांनाच पटलं नसतं. आणि उलट, पाणी हवं म्हणून स्मृती टाकून द्या म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं की पाण्याची सोय कशी करावी याची या खोऱ्यातली जुनी नोंदच त्या मातीत आहे.

असा पेच याआधी सुटलेला आहे, निदान बऱ्याच अंशी. कृष्णा नदीवर नागार्जुनसागर बांधायचं ठरलं तेव्हा नागार्जुनकोंड्याचं सबंध खोरं, स्तूप, विहार, सगळं बुडणार होतं. धरणाची पायाभरणी 1955 साली झाली. पण 1954 ते 1960 अशी सहा वर्षं तिथे मोठं उत्खनन करून घेतलं गेलं. निवडक वास्तू उचलून डोंगरमाथ्यावर पुन्हा उभारल्या, तो माथा आज बेट झाला आहे आणि त्यावर संग्रहालय आहे. इजिप्तमध्ये आस्वान धरणासाठी अबू सिंबेलचं देऊळ कापून 1964 ते 1968 या काळात सुमारे 65 मीटर उंचावर नेलं. नागार्जुनकोंड्यात सगळं वाचलं का? नाही. खोरं गेलंच. पण जे गेलं ते काय होतं, हे आज आपण सांगू शकतो. क्रम महत्त्वाचा होता : आधी खोदून नोंद, मग पाणी.

भोनबद्दल आमची मागणी या क्रमाची आहे. भोवती बांध घालून जागा कोरडी ठेवता येते का, हे अभियंत्यांनी प्रामाणिकपणे तपासावं. येत नसेल तर पाणी येण्याआधी राहिलेली पांढर शास्त्रशुद्ध खोदून, मोजून, चित्रं काढून, तिचा अहवाल मराठीतही छापावा. जे उचलता येईल ते जिल्ह्यातच, लोकांच्या जवळ ठेवावं. 14 ऑक्टोबर 1956 नंतर ज्या घरांनी बुद्धाचा मार्ग धरला, त्यांची या जागेवर विशेष माया आहे आणि ती असणारच. पण हा ठेवा एका समाजाचा म्हणून बाकीच्यांनी हात झटकू नयेत. स्तूप चव्हाट्यावर बांधायचा असतो, तो तिथून जाणाऱ्या प्रत्येकाचा असतो.

आणि तोवर तुम्ही जाऊन या. जाताना एवढं पाळा. खापर, वीट, मणी काही उचलून आणू नका. जागेवरून हललेलं खापर मुकं होतं, त्याचा थर कोणता हे कुणीच सांगू शकत नाही. गावात आधी विचारा, आमच्यासारखे न विचारता त्यावर जाऊन उभे राहू नका. जागा कळली की उजवा हात तिच्याकडे ठेवून एक फेरी घाला. श्रद्धा असो-नसो, चालल्याशिवाय स्तूप कळत नाही. मग काठावर जाऊन पूर्णा पाहा. मुलांना सोबत न्या. त्यांना समजावून सांगायला लागलात की तुम्हालाही नीट कळेल.

आम्ही महिन्याभराने पुन्हा गेलो होतो. तेच बाबा भेटले. ओळखलं त्यांनी. म्हणाले, “आता बराबर बाजूले उभे हा.” त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून सरकारदरबारी लागायचं आहे. ते आपण विचारत राहायचं. त्या मुलीला मात्र आम्ही एवढंच सांगितलं : बाई, अनित्य आहे म्हणूनच.

पुढच्या वेळी पवनीच्या दानलेखांवर बोलू. ज्यांना प्रश्न असतील त्यांनी थांबा, आम्ही इथेच आहोत.